थांब म्हणायची लाज

ती काम करायची त्या सलूनमध्ये सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. तिनं त्या बाईच्या केसांवर पाणी फवारलं, उजव्या हातात कात्री घेतली आणि मागची बट उचलायला डावा हात पुढे केला. खांदा वर गेला, कोपर वाकलं, पण मनगट ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत राहिलं. बोटं उघडायची म्हटलं तर उघडेनात. झोपून उठलं की आपोआप बरं होईल, असं ती आदल्या संध्याकाळपासून मनाला बजावत होती. झालं नव्हतं.

केस कापताना लोकांना उजवा हात दिसतो, पण निम्म्याहून जास्त काम डाव्याचं असतं. बट उचलायची, दोन बोटांत ताणून धरायची, किती ठेवायचं नि किती उडवायचं ते त्या बोटांनी ठरवायचं. ती दोन-तीनदा प्रयत्न करून थांबली. गिऱ्हाईक आरशातून बघत होतं. मालकीणबाई पलीकडून आल्या, कात्री त्यांनी स्वतःकडे घेतली आणि बाईंचे केस पुरे केले. नंतर तिला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी विचारलं, काय झालं हाताला?

"हातावरच झोपले वाटतं," ती म्हणाली.

खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की तिलाच धक्का बसला.

खरं सांगण्यासारखं नव्हतं. तिचं वय चाळिशीला टेकलेलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं घर, दोघांचं बरं चाललेलं. मात्र लग्नाच्या आधीपासून तिच्या मनात एक गोष्ट होती. कुणीतरी आपले हात धरून ठेवावेत, आपल्याला हलता येऊ नये, आणि दिवसभर सगळं सांभाळणारं आपलं मन तेवढ्यापुरतं मोकळं सुटावं. हे असं का, ते तिला कधीच सांगता आलं नसतं. वयाबरोबर जाईल असं वाटलं होतं, ते गेलं नाही. एकदा दुपारी घरात कुणी नसताना तिनं फोनवर शोधलं, तेव्हा कळलं की या गोष्टीला नाव आहे आणि असं वाटणारी आणखीही माणसं आहेत. दिलासा वाटायला हवा होता. तिनं फोन पालथा ठेवला आणि तोंड धुतलं.

नवऱ्याला तिनं सांगितलं ते तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली शिरून गळका पाइप बसवत असताना. त्याचे फक्त पाय बाहेर होते.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "पण तू बाहेर येऊ नकोस."

तिनं सांगितलं. अर्धं वाक्यांत, अर्धं नुसतं अडखळत. आतून पान्याचा आवाज थांबला. मग त्यानं आतूनच विचारलं, "घट्ट?"

हसू आणि रडू एकदमच आलं तिला. "मला नाही माहीत," म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली.

तिथेच दोघांनी बसून बोलायला हवं होतं. किती, कसं, काय नको, थांबायचं असेल तर कसं सांगायचं. पण विषय निघाला की दोघांची नजर जमिनीला लागायची. एकदा बोलून झालं होतं तेच खूप झालं, आता पुन्हा तोंड उघडायला लागू नये म्हणून घाईघाईनं करून टाकायचं, असं काहीतरी दोघांच्याही मनात होतं. त्यानं कुठलातरी छोटा व्हिडिओ पाहिला. हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनची बारीक दोरी आणली आणि दुकानदारानं विचारलं नसतानाही कपडे वाळत घालायला हवीय म्हणून सांगितलं. रविवारी दुपारी पडदे ओढले, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून रेडिओ लावला, आणि त्यानं तिचे हात पाठीमागे घेऊन मनगटांना आणि वर दंडांना दोरी बांधली.

ते छान होतं, हीच तर पंचाईत. दोघं आधी शाळेतल्या पोरांसारखी हसली. मग तिचं हसणं थांबलं आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. त्याचा चेहराही तिनं कधी पाहिला नव्हता असा झाला होता, एकाग्र आणि हळवा.

थोड्या वेळानं डाव्या हाताला मुंग्या आल्या. ती बोलली नाही. बोललो तर हा घाबरेल, दोरी सोडेल आणि परत कधी हातही लावणार नाही, असं तिला वाटलं. शिवाय आपणच मागितलं नि आपणच रडगाणं कसं गायचं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं होती, वॉचमनची बोबडी वळली होती. ड्यूटी त्याची नव्हती, पण तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला आणि वॉचमनला एकेक पायरी सांगत बसला. मुंग्या थांबल्या. तिला ते बरं लक्षण वाटलं. हात बधिर होत चालला होता हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तो परत आला तेव्हा तिच्या बोटांचा रंग पाहून त्याचं तोंड पांढरं पडलं. ती अंग हलवत राहिल्यानं गाठ आवळून बसली होती, सुटेना. स्वयंपाकघरातली सुरी आणून त्यानं दोरी कापली. दोरी पडली, हात मोकळे झाले, उजव्यात हळूहळू जीव आला. डावा तसाच राहिला.

त्याची लाज तिच्यापेक्षा वेगळी होती. कामावर तो नियमांचा इतका पक्का की बरोबरचे लोक त्याची टिंगल करायचे. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय तो लिफ्टच्या खड्ड्यात पाऊल टाकत नसे. वर उभ्या असलेल्या जोडीदाराला हाक मारायची, त्याचं उत्तर कानांनी ऐकायचं, मगच उतरायचं. आणि घरात बायकोला बांधून तो दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत बसला होता.

त्याच सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी मनगट खालीवर करून पाहिलं आणि खोटं त्यांनीच पुढ्यात आणून ठेवलं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलात का, त्यांनी हसत विचारलं, पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी असे पेशंट येतातच. तीही हसली आणि हो म्हणाली. बाह्या तिनं मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या. नवरा शेजारी उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. दंडाच्या मागून जाणारी नस दबलीय, डॉक्टर म्हणाले, बहुतेक भरून येईल पण आठवडे लागतील, कदाचित महिने. मनगटाला आधाराचा पट्टा, फिजिओथेरपी, आणि तोवर कात्री नाही.

मालकीणबाईंनी रजा दिली. घरात भांडी घासता येईनात, केस बांधता येईनात. म्हणून तिची ताई दोन-चार दिवसांसाठी मदतीला आली.

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर हिला वाढवलं ते तिनंच, आणि अजून "छोटी" म्हणायची. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे इतकी वर्षं उभं राहून तिला एक गोष्ट ओळखता येऊ लागली होती. डोळा सुजलेल्या बाया मलम न्यायला यायच्या आणि दारावर आपटले म्हणायच्या, आणि ताई मलम द्यायची नि काही विचारायची नाही. त्यातली एक पुढे मेली. तेव्हापासून ताईच्या मनात ते सलत होतं.

ताई तिचे केस धुवायला बाथरूममध्ये आली. गाऊन खांद्यावरून उतरला आणि दोन्ही दंडांवरच्या रेघा उघड्या पडल्या. पिवळट पडत चाललेल्या, पण सरळ, समांतर, दोरीच्या. ताईचा हात तिच्या डोक्यावरच थांबला. पाणी वाहत राहिलं. "हे काय आहे?" ताईनं विचारलं.

साबण डोळ्यांत जाईल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

ताईनं साबण धुतला, केस पुसले, तिला गाऊन घातला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तो तिथे चहा गाळत होता. भिंत पातळ होती, तिला सगळं ऐकू आलं. ताईनं आवाज चढवला नाही. दुकानात बिल सांगावं तशा आवाजात तिनं विचारलं, "भाऊजी, तुम्ही हिला बांधून मारता?"

तिला वाटलं, आता तो सांगेल. सांग, असंही मनात आलं, आणि नको सांगूस, असंही.

"माझ्यामुळे झालं ते," तो म्हणाला. "चूक माझीच आहे."

एवढंच. पुढे ताई बरंच बोलली. बाईच्या जिवावर मर्दानगी दाखवणारे, वरून साळसूद, कामावर देवमाणूस नि घरात राक्षस. तो भांड्यातला चहा बघत उभा राहिला. शेवटी ताई म्हणाली, हिला मी नेतेय, आणि तिची बॅग भरायला आली.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. ताई, मीच सांगितलं होतं त्याला. तिनं ते ओठांपर्यंत आणलंही. पण ताईचा चेहरा समोर होता, जिनं तिला शाळेत सोडलं, न्हाऊ घातलं, पाळी आली तेव्हा सगळं समजावून सांगितलं, तिच्यासमोर हे कसं उच्चारायचं. ती चपला घालून ताईबरोबर निघाली. दारात तो उभा होता. तिच्या पट्ट्याचं टोक सुटलं होतं, ते त्यानं वाकून नीट बसवलं आणि तो मागे सरला. ताईनं ते पाहून तोंड फिरवलं.

ताईच्या घरी तिचे दिवस कोंडल्यासारखे गेले. ताईचा नवरा मितभाषी माणूस, तोही संध्याकाळी पोलिसांत जायचं की आधी वकिलाला विचारायचं ते बोलत बसायचा. ती नको नको म्हणायची. ती जितकं नको म्हणे तितकी ताईची खात्री पटे की पोरगी घाबरलेली आहे. तिचा नवरा रोज एक निरोप पाठवायचा, हात कसा आहे. ती उत्तर लिहायची, तसाच आहे. आपण एका भल्या माणसाला बायको मारणारा ठरू देतोय, हे ती दिवसभर स्वतःला सांगायची, आणि ताई समोर आली की गप्प बसायची. आपल्यासारखं भेकड कुणी नसेल असं तिला वाटू लागलं.

फिजिओथेरपीला ती तिथूनच जायला लागली. तिथल्या बाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं रोखठोक. एका मोठ्या खोलीत पडदे लावून कप्पे केले होते. शेजारच्या कप्प्यात गुडघ्याचा व्यायाम करणारे एक आजोबा मोठमोठ्यानं आकडे मोजत होते आणि मध्येच चुकून पुन्हा एकपासून सुरू करत होते.

बाईंनी तिच्या बाह्या वर केल्या, डावा दंड पाहिला, उजवा पाहिला आणि चष्मा लावून परत पाहिला.

"डाव्या हातावर झोपलात," त्या म्हणाल्या. "उजव्यावरही झोपलात का?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाईंनी उठून पंखा जोरात केला, म्हणजे आवाज पडद्यापलीकडे जाऊ नये, आणि स्टूल जवळ ओढलं. त्यांनी सरळच विचारलं, घरात कुणी मारतं का, जबरदस्ती करतं का, तसं असेल तर इथून परस्पर मदत मिळू शकते. तिनं मान हलवली, नाही. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हाताला करंटचं मशीन लावता लावता, मशीनकडेच बघत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

"मग दोघांच्या मर्जीनं काही केलं होतं का? सांगायलाच पाहिजे असं नाही."

ती रडायला लागली. आजोबा पलीकडे मोजायचे थांबले, मग भान येऊन आणखी मोठ्यानं मोजू लागले.

रडता रडता तिनं सांगितलं. दोरी, मुंग्या, फोन, सुरी. बाईंनी मध्ये तोडलं नाही. एकदाच विचारलं, हे त्याला हवं होतं म्हणून तुम्ही केलं, की तुम्हाला हवं होतं? तोंड वर न करता ती म्हणाली, "मीच मागितलं." हे शब्द तिनं नवऱ्याखेरीज दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारले होते. छत कोसळलं नाही. बाईंनी करंट थोडा वाढवला आणि बोट हललेलं दिसतंय का, विचारलं.

बाईही थोड्या अवघडल्या होत्या, ते त्यांच्या भराभर बोलण्यातून दिसत होतं. पण त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, अशा प्रकारे येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत, फक्त बहुतेक जण मला शेवटपर्यंत पलंगाच्या कडेवर हात दबला असंच कारण सांगतात आणि घरी जाऊन परत तेच करतात. म्हणून सांगते, ऐका. मोठ्या माणसांनी एकमेकांच्या राजीखुशीनं काय करावं हा माझा प्रश्न नाही. हात माझा प्रश्न आहे. त्यांनी स्वतःचा दंड वर करून बोटानं रेघ ओढून दाखवली. ही नस इथून हाडाला वळसा घालून जाते, अगदी वरवर, म्हणून दंडाला कधी बांधायचं नाही. नवशिक्यांनी बारीक दोरी तर घ्यायचीच नाही. काही हवंच असेल तर रुंद, मऊ कापड, आणि आत दोन बोटं सहज शिरतील इतकं सैल. गळ्याभोवती काही म्हणजे काही नाही, कधीच नाही. मुंग्या आल्या, थंड पडलं, बधिर झालं की त्या क्षणी सोडायचं, आणि कापायला कात्री हाताशी पाहिजे, बोथट टोकाची. दारू पिऊन नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, बाहेर आग का लागेना.

"आणि सगळ्यात आधी बोलायचं," त्या म्हणाल्या. "कपडे अंगावर असताना, दिवसाउजेडी, चहा पीत. काय हवं, काय नको. थांबायचं असेल तर कुठला शब्द, तो ठरवायचा. तो शब्द आला की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. झाल्यावर लगेच उठून कामाला लागायचं नाही. शेजारी बसायचं, पाणी द्यायचं, बरं वाटतंय का विचारायचं."

"मी बोललेच नाही," ती म्हणाली. "मुंग्या आल्या तेव्हा."

"का?"

"लाज वाटली."

बाईंनी मशीन बंद केलं. "हवं वाटलं याची लाज वाटून काही उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "दुखतंय म्हणायची लाज वाटली, त्यानं हात गेला." मग त्यांनी पट्टा बांधून दिला आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या म्हणून सांगितलं.

त्या दिवशी तिथून परतल्यावर तिनं ताईला सांगितलं. ताई इस्त्री करत होती. तिला बसायला सांगावं असं मनात होतं, पण बसली असती तर ती समोर आली असती, म्हणून तिनं ताईच्या पाठीमागे उभं राहूनच सांगितलं. तो मारत नाही. कधी हात उगारला नाही. ते बांधणं मी मागितलं होतं, बरीच वर्षं मनात होतं, आणि आम्हाला कसं करायचं ते कळत नव्हतं म्हणून हात दुखावला.

ताईनं इस्त्री उभी ठेवली. "तुला त्यानं हे बोलायला शिकवलंय का?"

"नाही."

"शपथ घे."

"तुझी शपथ, ताई."

ताई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ओळखीच्या घराच्या दारात जाऊन आतून भलताच माणूस बाहेर यावा तशी ती हिच्याकडे बघत होती. "तुला हे आवडतं?" तिनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर हात वर करून म्हणाली, "नको, सांगू नकोस." मग पुन्हा इस्त्री घेतली, एका बाहीवर दोनदा फिरवली. "मी त्याला इतकं बोलले. राक्षस म्हणाले. त्यानं का नाही सांगितलं?"

"माझी लाज झाकायला."

"आणि तू?"

ती खाली मान घालून उभी राहिली. लहानपणी काही फुटलं की अशीच उभी राहायची, पण तेव्हा ताई शेवटी जवळ घ्यायची. आता ताईनं सगळे कपडे संपवले, घड्या घातल्या, आणि आत जाऊन नवऱ्याला सांगितलं की आपला गैरसमज झाला, पुढे काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ताई तिला सोडायला आली. त्यानं दार उघडलं तेव्हा ताई त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "मी जे बोलले ते विसरा." तो घाईघाईनं नाही नाही म्हणाला, आत या म्हणाला. ताई आली नाही. दुकान उघडायचंय म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घर स्वच्छ होतं, एखाद्या आजारी माणसानं वेळ काढायला आवरावं तसं. त्यानं तिला चहा दिला आणि तो तिच्यापासून लांब, खुर्चीत बसला. मग ती म्हणाली, मला माफ कर, मी तुला तसंच सोडून गेले.

त्यानं मान हलवली. मग हळूहळू, एकेक शब्द तपासत, त्यानं सांगितलं की ताई बोलल्या त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. त्याला त्या बरोबर वाटल्या होत्या.

"त्या दुपारी मला आवडलं होतं," तो म्हणाला. "तुझे हात बांधलेले, तू माझ्यावर सगळं टाकलेलं. फार आवडलं. आणि मग तुझा हात तसा पडला. मला वाटलं, ज्याला असलं आवडतं त्याचं हेच व्हायचं. राक्षस म्हणाल्या त्या, तेव्हा मी मनात म्हणालो, हो."

तिला कधी सुचलंच नव्हतं की यालाही लाज वाटत असेल. ती उठून त्याच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. त्यानं हात लावला नाही, पण तो सरकलाही नाही.

पुढच्या आठवड्यात तो तिच्याबरोबर फिजिओबाईंकडे गेला. स्टुलावर गुडघे जुळवून, मुख्याध्यापकांसमोर बसावं तसा बसला. बाईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी त्याला. तो खाली बघत ऐकत होता. मग बाईंनी सहज विचारलं, तुम्ही काम काय करता? त्यानं सांगितलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी काय करता? तो यंत्रासारखा सांगत गेला, वीज बंद, कुलूप, पाटी, जोडीदाराला हाक, आणि हाकेवर थांबला. त्याचे डोळे भरले. बाईंनी टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि त्या तिच्या बोटांकडे वळल्या.

शब्द ठरवायला त्यांना बरेच दिवस लागले. चहा पीत तो विषय काढायचा म्हटलं की दोघांपैकी कुणीतरी रिकामा कप घेऊन सिंककडे निघायचं. नुसतं थांब म्हणायचं, असं तो म्हणाला. पण थांब तर माणूस हसतानाही म्हणतो, गुदगुल्या झाल्या तरी म्हणतो. दुसरा कुठलातरी हवा. शेवटी ती म्हणाली, "जिना." लिफ्ट बंद पडली की लोक जिन्यानंच जातात. तो हसला. घरी परत आल्यापासून पहिल्यांदा.

हात सावकाश आला. आधी अंगठा थोडा उचलला जाऊ लागला, मग मनगट टेबलावरून बोटभर वर येऊ लागलं, आणि एक दिवस बशी धरता आली. सलूनमध्ये मालकीणबाईंनी तिला आधी गिऱ्हाइकांचे केस धुवायला लावलं, मग लहान मुलांचे केस दिले. पूर्वीची चपळाई अजून आलेली नाही. संध्याकाळी मनगट दुखतं, आणि दुखलं की त्या दुपारच्या आठवणीनं तिचे गाल आपोआप तापतात.

एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी पुन्हा करून पाहिलं. आधी बोलून, ठरवून, फोन बंद करून. त्यानं तिचा जुना रुंद मफलर घेतला, तिची दोन मनगटं समोर एकत्र धरून सैलसा वेढा दिला, आत स्वतःची दोन बोटं घालून पाहिली, पुन्हा पाहिली. त्याच्या कपाळावर घाम होता. तिला काही दुखत नव्हतं. मुंग्या नव्हत्या. तरी थोड्याच वेळात ती म्हणाली, "जिना."

मफलर क्षणात सुटला. तो घाबरून तिची बोटं चाचपू लागला.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "म्हणता येतं का ते बघितलं."

तो पलंगाच्या कडेला बसून राहिला, मफलर मांडीवर धरून. मग त्यानं तिला पाणी आणून दिलं. त्या दिवशी पुढे काही केलं नाही. दोघं टेकून बसली, आणि पहिल्यांदाच, कुणी सिंकखाली नसताना, एकमेकांकडे बघत त्याविषयी बोलली. बोलताना दोघांचीही तोंडं लाल झाली होती, पण बोलणं थांबलं नाही.

ताई मधल्या काळात फोनवर हाताची चौकशी करत राहिली, पण आली नव्हती. आली ती एकदम, न कळवता, दुकानातून मलमाच्या दोन ट्यूब घेऊन. तो कामावर होता. हिनं चहा केला, कप धुतले, ताई ओट्याला टेकून तिचा डावा हात न्याहाळत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. जायला निघाली, चपला घातल्या आणि दाराच्या कडीशी खेळत उभी राहिली.

"नीट आहे ना सगळं?" तिनं विचारलं.

"आहे."

"बाकीचं मी विचारणार नाही. मला कळत नाही ते, आणि कळून घ्यायचंही नाही." ताईनं दार उघडलं. "पण दुखलं तर बोलत जा गं. मला नाही. त्याला."

ती हो म्हणाली. ताईकडे बघून म्हणायचं होतं तिला, पण नजर पुन्हा ताईच्या पायांपाशीच गेली. ताईनं जाता जाता तिच्या डाव्या मनगटावर दोन बोटं टेकवली, जरा दाबून पाहिल्यासारखं केलं, आणि ती गेली.